कोंडाजीचं काळं कडं

ऐरणवाडी नावाचं एक गाव होतं. घरं फक्त बारा, आणि बाराच्या बारा लोहारांची! सकाळी कोंबडा आरवायच्या आधी घण सुरू. बिचाऱ्या कोंबड्याचं ऐकतं कोण?

इथले लोक हापसे बनवायचे. हापसा म्हणजे काय, एक नळी, तिच्यात खालीवर होणारा एक दांडा आणि वर एक मूठ. पण सगळा खेळ त्या दांड्याचा. नळीत नेमका बसला तर धो धो पाणी. सैल झाला तर नुसती फुसफुस. जाड झाला तर आत जायलाच तयार नाही.

नेमका म्हणजे किती नेमका, ते ठरवायला प्रत्येक घराच्या देव्हाऱ्यात एक पितळी कडं होतं. दांडा कड्यातून जेमतेम पार झाला की माप बरोबर. गावच्या मूळ पुरुषाने ती बारा कडी एकाच साच्यातून ओतून बारा मुलांना वाटली होती. त्याबद्दल गावात दोन नियम होते. एक, आपलं कडं देव्हाऱ्याबाहेर काढायचं नाही आणि दुसऱ्या घराला दाखवायचं नाही. दोन, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, हत्यारांची पूजा असते ना, तेव्हा ते चिंच आणि राख लावून असं घासायचं की त्यात तोंड दिसलं पाहिजे.

तर व्हायचं काय, की हापशाचा दांडा मोडला की ज्या घरचा हापसा त्याच घरी जावं लागायचं. शेजारच्या घरचा दांडा बसायचाच नाही. गाव याला अभिमान म्हणायचं. गिऱ्हाईक याला वैताग म्हणायचं.

मग समुद्रापलीकडून एका शेठचं जहाज यायला लागलं. त्यात हापसे, सगळे एकसारखे! कुठलाही दांडा घ्या, कुठल्याही नळीत घाला. लोक नुसते तुटून पडले. ऐरणवाडीचे घण हळूहळू गप्प झाले आणि जवान माणसं बंदरावर त्याच शेठची खोकी उचलायला गेली. गावातला सगळ्यात नावाजलेला लोहार म्हणजे तातोबा. त्याचा मुलगा भैरूसुद्धा गेला. भैरूची बायको सगुणा घरी राहिली. भैरू चार महिन्यांनी एकदा यायचा, पाठ चोळत.

"लोहाराच्या हाताला हमालाचे घट्टे," ती म्हणायची. "बघवत नाही हो."

एक दिवस राणीचा निरोप आला. राज्यात गावोगाव हापसे बंद पडले होते, कारण जहाज सहा महिन्यांतून एकदाच यायचं आणि तहान काही सहा महिने थांबत नाही. राणीने कळवलं, "शंभर हापसे करा. दसऱ्याला बघायला येईन. कुठलाही दांडा कुठल्याही नळीत बसला, तर पुढचं सगळं काम ऐरणवाडीचं. नाही बसला, तर शेठला वीस वर्षांचा करार देईन."

वीस वर्षं! म्हणजे भैरू म्हातारा होऊनच घरी येणार.

गाव कामाला लागलं. अकरा घरांनी दांडे करायचे ठरले. नळ्या ओतायचं काम कोंडाजीकडे आलं, कारण कोंडाजी म्हणजे गावातला एक नंबरचा आळशी. घण उचलायचा तर त्याला ताप यायचा. नळ्या ओतायला एकच साचा करायचा, त्यात रस ओतायचा आणि थंड होईपर्यंत खाटेवर पडायचं. त्याने घरच्या कड्याच्या मापाने एक साचा केला आणि सगळ्या नळ्या त्यातूनच काढल्या. दुसरा साचा बनवायचा कंटाळा, दुसरं काय!

आठ दिवस उरले तेव्हा चावडीसमोर सगळे भाग जमवले. तातोबाचे दांडे तर काय सांगू, आरशासारखे! त्याने स्वतःचा एक उचलला, रुबाबात नळीत घातला.

जाईना.

दुसरी नळी. जाईना. तिसरी. तातोबाचा चेहरा लाल. बाकीच्या घरांचे दांडे घालून बघितले. कुणाचा अर्ध्यावर अडकला, कुणाचा तोंडाशीच. सुखाने आत गेला असा एकसुद्धा नाही!

"कोंड्या!" तातोबा गरजला. "झोपेत ओतल्यास काय रे नळ्या?"

"तात्या, झोपेत नाही. ओतून झाल्यावर झोपलो," कोंडाजी म्हणाला.

सगळं गाव कोंडाजीवर तुटून पडलं. अकरा घरं एका बाजूला, एकटा कोंडाजी दुसऱ्या बाजूला. चूक कुणाची हे काय विचारायला हवं?

सगुणा मात्र एकेक दांडा नळीच्या तोंडाशी धरून बघत होती. मग पदर खोचून पुढे आली. "मामंजी, एक बोलू? सगळ्यांची कडी बाहेर आणू या."

देव्हाऱ्यातलं कडं चावडीवर? असं कधी झालंच नव्हतं. सगळ्यांची नजर तातोबाकडे. तो नाही म्हणाला असता तर कुणाची हिंमत नव्हती पुढे बोलायची.

तातोबाने हातातला दांडा खाली ठेवला. मग घरात गेला आणि स्वतःचं कडं ओंजळीत घेऊन आला. ते बघून बाकीचेही गेले. अकरा कडी उन्हात अशी चमकली की डोळे दिपले. कोंडाजी सगळ्यात शेवटी आला. त्याचं कडं काळंकुट्ट. देव्हाऱ्यात आणून बसवायचाही कंटाळा, म्हणून ते आज्यापासून धान्याच्या कणगीत पडलेलं. तिघीजणी तोंडाला पदर लावून हसल्या.

सगुणाने कुणाच्या तरी परड्यातून एक लांबसडक मुळा उपटून आणला. धुतला आणि टोक वर करून उभा धरला. "आता एकेक कडं घाला."

कोंडाजीचं काळं कडं टोकाजवळच अडकलं. ते काढून शेजारच्या घरच्या केरबाचं घातलं, ते थोडं खाली गेलं. त्यापुढचं आणखी खाली. प्रत्येक कडं वेगळ्या जागी! शेवटी तातोबाचं आलं. ते घरंगळत घरंगळत पार मुळ्याच्या बुडाशी, पानांपर्यंत जाऊन बसलं.

ज्याने जितकं मनापासून घासलं, तितकं त्याचं कडं आतून झिजलं होतं. भोक मोठं झालं, म्हणून त्यातून जाणारा दांडाही जाड झाला. ज्याने कधीच घासलं नव्हतं, त्याच्याकडे मूळ पुरुषाचं माप जसंच्या तसं राहिलं होतं.

"मी वर्षातून दोनदा घासायचो," तातोबा हळूच म्हणाला. "दिवाळीलासुद्धा."

"मामंजी, तुमची भक्ती खरीच होती. माप तेवढं झिजलं."

आता खरी पंचाईत. गावात तातोबाचा शब्द शेवटचा. कोंडाजी घाबरून म्हणाला, "तात्या, तुमचं कडं तेच गावचं माप धरू. मी साचा मोडून नवा करतो, हव्या तेवढ्या नळ्या ओततो." आणि गंमत म्हणजे सगळ्यांनी माना डोलावल्या! तातोबाचा मान राहिला असता. पण शंभर नळ्या आठ दिवसांत? कोंडाजीच्या हातून? बाप रे.

तातोबाने आपला एक दांडा उचलला. आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम होतं ते. दहा पावलांवरून सांगता यायचं, हा तातोबाचा. त्याने तो दोन्ही हातांनी फिरवून फिरवून बघितला.

"बारीक झालेलं जाड करता येत नाही," तो म्हणाला. "पण जाड आहे ते घासून बारीक करता येतं. कानस आण गं सगुणा. आणि कोंडाजीचं कडं दे इकडे."

"ते काळं?"

"तेच. आजपासून गावचं माप ते."

आणि तो भर चावडीत मांडी घालून आपलेच दांडे घासायला बसला! मग काय, अकराही घरं बसली. नुसता करकर करकर आवाज. काळ्या कड्यावरून अकरा नवी कडी ओतली आणि चावडीच्या खांबाला टांगली. कुणीही या, कुणीही माप बघा. कोंडाजी तर असा छाती काढून फिरायला लागला की विचारू नका. "आमच्या घराण्याने माप जपलं!" म्हणे. सगुणा म्हणाली, "कोंडाजीभाऊ, जपलं नाही, विसरलं." तरी त्या आठ दिवसांत तो एकदाही खाटेवर आडवा झाला नाही. रेकॉर्ड!

खंडेनवमीला सवयीप्रमाणे तातोबाचा हात चिंचेच्या भांड्याकडे गेला. सगुणाने भांडं पटकन ओढून घेतलं. "मामंजी, कड्याला फूल वाहा. चिंच आमटीत जाईल."

दसऱ्याला राणी आली. सोबत शेठही आला, मिश्यांतल्या मिश्यांत हसत. त्याला गावची खोड माहीत होती. तो म्हणाला, "सगळे खोला. दांडे एका ढिगात, नळ्या एका ढिगात. आणि जोडेल तो लोहार नको."

राणीने आपल्या पालखीच्या भोयाला पुढे बोलावलं. त्याने आयुष्यात हापसा जोडला नव्हता. त्याने डोळे मिटून एक दांडा उचलला, एक नळी उचलली. सर्र! गेला की आत! दुसरा, सर्र! विसाव्या हापशाला भोईच एवढा रंगात आला की गाणं म्हणायला लागला. शंभरावा हापसा आडावर बसवला, राणीने स्वतः मूठ दाबली, आणि पाण्याची धार सरळ शेठच्या जोड्यांवर!

शेठ चिडला नाही. धंदेवाईक माणूस, वाकून दांड्याकडे बघत राहिला. "हा कुठल्या घरचा?"

तातोबा पुढे आला. दांडा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. आपला की केरबाचा, त्यालाच ओळखू येईना! क्षणभर त्याचा चेहरा पडला. मग तो असा खळखळून हसला की पालखीवाले दचकले.

"ऐरणवाडीचा," तो म्हणाला.

शेठ म्हणाला, "मग दोनशे मलाही द्या. पलीकडे विकतो. जहाज परत जाताना रिकामंच जातं." राणी म्हणाली, "आधी माझी गावं, मग तुमचं जहाज." शेठने मुकाट्याने मान हलवली.

महिनाभरात भैरू परत आला, आणि मागोमाग बंदरावरचे बाकीचेही. भैरूने चावडीच्या खांबाला टांगलेली कडी बघितली आणि विचारलं, "यातलं आपल्या घरचं कुठलं?"

सगुणाने त्याच्या हातात कानस दिली. "कुठलंही घे आणि कामाला लाग."

तात्पर्य: एक देखणी वस्तू एकट्याच्या हातून होते, पण राज्याची तहान भागवणाऱ्या हजार वस्तू सगळ्यांनी एकच माप मानलं तरच होतात, आणि आपलं माप चुकलं हे जो सगळ्यांत मोठा कारागीर सगळ्यांत आधी कबूल करतो, त्याच्या गावातला माणूस पोटासाठी गाव सोडून जात नाही.