मिरीचा ठिपक्यांचा घेवडा

एक होता मांडव. चार काठ्यांचा, इवलासा. मांडवाखाली एक बीळ. बिळात राहायची एक चिचुंद्री. तिचं नाव मिरी.

मिरी केवढी? मिऱ्याएवढी! नाही नाही, इतकी काही लहान नाही. तुझ्या अंगठ्याएवढी.

मिरीकडे होता ठिपक्यांचा घेवडा. पांढरं पांढरं बी. त्यावर लाल लाल ठिपके. दरवर्षी मिरी बी पेरायची. दरवर्षी वेल मांडवावर चढायचा. थोड्या शेंगा खायच्या. थोडं बी करवंटीत जपून ठेवायचं. असं चाललेलं.

आज होता पेरणीचा दिवस. मिरीनं खड्डा केला. खुर् खुर् खुर्! मिरीनं करवंटी उघडली. टक्!

आत काय? पीठ! नुसतं पीठ! आणि पिठात बसलेला एक भुंगेरा. पोट टम्म. त्यानं ढेकर दिली आणि उडाला. भुर्रर्र!

"अगं बाई!" मिरी म्हणाली. "बियांना राख लावायची राहिलीच की!"

राख लावली की भुंगेरा येत नाही. मिरीला हे ठाऊक होतं. पण विसरली. मोठी माणसंसुद्धा विसरतात.

खड्डा रिकामा. मांडव रिकामा. बी नाही, तर वेल नाही. वेल नाही, तर शेंगा नाहीत. मिरीला रडूच आलं. मग तिनं नाक पुसलं. नाक लांबलचक, म्हणून जरा वेळ लागला.

चुक चुक चुक, मिरी निघाली. गेली हौसाकाकूंकडे. काकूंच्या फळीवर मडकी. मडक्यांत नाना तऱ्हेचं बी.

"काकू काकू, एक बी द्या.
बी रुजेल, वेल चढेल, झुलुक झुलुक झुलेल!"

काकू म्हणाल्या, "हो गं हो, बी हाय की! पर माझी पेरणी झाली. मडक्याचं तोंड लिंपून टाकलं. आता उघडलं, तर पुन्यांदा लिंपाया लागंल. न्हाई तर भुंगेरा शिरंल. आधी शेण आण."

"बरं बाई बरं!"

चुक चुक चुक, मिरी निघाली. गेली गाईकडे.

"गाईबाई गाईबाई, शेण दे.
शेणानं काकू मडकं लिंपतील.
मडक्यातलं बी मला देतील.
बी रुजेल, वेल चढेल, झुलुक झुलुक झुलेल!"

गाय म्हणाली, "हो गं हो, पण पोटात काही नाही. शेण कुठून येणार? आधी गवत आण."

"बरं बाई बरं!"

चुक चुक चुक, मिरी निघाली. गेली गवताकडे.

"गवतराव गवतराव, गाईकडे चला.
गवत खाऊन गाय शेण देईल.
शेणानं काकू मडकं लिंपतील.
मडक्यातलं बी मला देतील.
बी रुजेल, वेल चढेल, झुलुक झुलुक झुलेल!"

गवत म्हणालं, "हो गं हो, पण माझे पाय मातीत. मला कापणार कोण? आधी विळा आण."

"बरं बाबा बरं!"

चुक चुक चुक, मिरी निघाली. गेली विळ्याकडे. विळा भिंतीला लटकलेला.

"विळोबा विळोबा, गवत काप.
गवत खाऊन गाय शेण देईल.
शेणानं काकू मडकं लिंपतील.
मडक्यातलं बी मला देतील.
बी रुजेल, वेल चढेल, झुलुक झुलुक झुलेल!"

विळा म्हणाला, "हो गं हो, पण मी झालोय बोथट. लोणीसुद्धा कापत नाही. आधी लोहारमामांना सांग."

"बरं बाबा बरं!"

चुक चुक चुक, मिरी निघाली. गेली लोहारमामांकडे. मामा बसले होते भिंतीला टेकून. पोट धरून.

"मामा मामा, धार लावा.
धारेचा विळा गवत कापील.
गवत खाऊन गाय शेण देईल.
शेणानं काकू मडकं लिंपतील.
मडक्यातलं बी मला देतील.
बी रुजेल, वेल चढेल, झुलुक झुलुक झुलेल!"

मामा म्हणाले, "हो गं हो, पर सकाळधरनं उपाशी हाय. पोटात कावळं वरडत्यात. आधी भाकर आण."

"बरं मामा बरं!"

चुक... चुक... चुक... मिरी दमली. पाय दुखले. ऊन चढलं. तरी निघाली. गेली लोहारमामींकडे. मामी भाकरी थापत होत्या. थप थप थप!

"मामी मामी, भाकरी द्या.
भाकरी खाऊन मामा धार लावतील.
धारेचा विळा गवत कापील.
गवत खाऊन गाय शेण देईल.
शेणानं काकू मडकं लिंपतील.
मडक्यातलं बी मला देतील.
बी रुजेल, वेल चढेल, झुलुक झुलुक झुलेल!"

मिरीनं डोळे मिटून घेतले. आता मामी काय मागणार?

मामी थांबल्या. मिरीकडे बघितलं.

"आगं, तू ठिपक्याच्या घेवड्याची मिरी ना? आमच्या कुडाला येल तूच लावलास. पोरं पोटभर जेवली. बी मात्र आमी ठिवलं न्हाई. समदं आमटीत गेलं! तुझ्याकडं मी काय मागू? घे बाई, भाकर घे. गरम हाय, जपून!"

मामींनी काहीच मागितलं नाही! मिरीचा जीव भांड्यात पडला.

मिरीनं चतकोर भाकरी डोक्यावर घेतली. मिरी दिसेना. नुसती भाकरीच रस्त्यानं चालली! चुक चुक चुक!

भाकरी मामांनी खाल्ली. मच मच मच!
मामांनी धार लावली. सर् सर् सर्!
विळ्यानं गवत कापलं. खस् खस् खस्!
गाईनं गवत खाल्लं. कचर कचर कचर!
गाईनं शेण दिलं. थप्प!

मिरीनं शेणाचा गोळा केला. ढकलला. लोटला. काकूंच्या दारात आणला. वास आला का? चिचुंद्रीला कसला वास!

काकूंनी मडक्याचं लिंपण फोडलं. टक्! आत राख. राखेत हात घातला. बाहेर काय आलं?

लाल लाल ठिपके! पांढरं पांढरं बी!

एक? नाही. दोन? नाही. चांगली मूठभर!

"काकू, मी एकच मागितलं होतं!"

काकू हसल्या. "आगं मिरे, हे तुझंच बी. दोन वर्सांमागं तूच आणून दिलंस. मी पेरलं, मी ठिवलं. तू वाटलंस, म्हणून वाचलं बघ."

मिरीला आठवलं. डोळे भरून आले. तिनं काकूंच्या पायाला नाक लावलं. काकूंना गुदगुल्या झाल्या. मग काकूंनी मडकं पुन्हा लिंपलं. चप चप चप!

मिरी पळाली. बी पेरलं. माती लोटली. पाणी घातलं. बी रुजलं. वेल चढला. झुलुक झुलुक झुलला! शेंगा लागल्या. मांडव भरला.

सगळ्यांत लांब दोन शेंगांना मिरीनं लाल दोरा बांधला. दोऱ्याची शेंग खायची नाही हं! ती बियाण्याची.

बाकीच्या शेंगांचं काय केलं?

काकूंना दिल्या कोवळ्या कोवळ्या.
गाईला दिला हिरवा पाला.
गवताला दिली गार सावली.
विळ्यानं म्हटलं, "मी काय खाणार?" म्हणून त्याला दिली वेलाच्या फुलांची वेणी. ती मुठीला बांधली. विळा कसला मिरवला!
मामांना दिली घेवड्याची भाजी. भाकरीबरोबर.

आणि मामींना? मामींना दिली दोऱ्याची एक वाळलेली शेंग. "मामी, ही आमटीत नाही घालायची!"

"न्हाई बाई, आता न्हाई!" मामी म्हणाल्या आणि चुलीतली राख घ्यायला धावल्या.

मिरीनंही दोऱ्याच्या दुसऱ्या शेंगेचं बी आपल्या करवंटीत ठेवलं. आणि काय लावलं? सांग बघू!

राख!

आता मिरीचा घेवडा मिरीकडे आहे. काकूंकडे आहे. मामींकडे आहे. भुंगेरा खाऊन खाऊन खाईल किती?

गोष्ट गेली मडक्यात. मडकं गेलं फळीवर. एक बी मात्र बाहेर राहिलं. कुणासाठी?

उघड तुझी मूठ!