ढगाच्या चिक्कीचा डबा

“मग पास का नापास, उस्ताद?” मी परत विचारलं.

उस्ताद डबा हातात घेऊन नुसते फिरवत बसले. म्हातारा असं करायला लागला की मला त्याला गुदगुल्या कराव्याशा वाटतात. पण आज हात आवरले. आज काम माझं होतं.

त्याचं असं. महबूब उस्ताद म्हणजे मिरजेत मिठाईच्या खोक्यांचे बादशहा. गावातलं वाचनालय पोरांसाठी खोटं खोटं दुकान मांडणार होतं, त्याचे डबे उस्तादांकडून. गोष्टीतला खाऊ, गोष्टीतली सरबतं. आत काय नाही, नुसते डबे आणि बाटल्या. उस्ताद म्हणाले, इंद्या, एक डबा करून दाखव. जमला तर अख्खं दुकान तुझं. नाहीतर परत खळ शिजवायला बस.

खळ म्हणजे पुठ्ठा चिकटवायची. वास असा, की कुत्रं पण लांबून जातं.

मी केला ढगाच्या चिक्कीचा डबा. गोष्टीत ती राक्षसाची आई करते. एक तुकडा खाल्ला की माणूस उडून कौलावर जाऊन बसतो. मी निळा कागद लावला, कडेला बेगड लावली आणि कौलावर बसलेला ढेरपोट्या हवालदार काढला. चेहरा हुबेहूब आमच्या हेडमास्तरांचा. शाळा सोडली म्हणून ओळख विसरायची काय?

“हवालदार झकास आहे,” उस्ताद म्हणाले.

“आहेच.”

“चिक्की कशी झालीय?”

“कुठली?”

“आतली.”

मला हसूच आलं. “उस्ताद, आत वारा आहे नुसता. गोष्टीतली चिक्की कोण खाणार? खरंच. हलवून बघा.”

उस्तादांनी हलवला नाही. दारातून हाक मारली. “गोजी! ए गोजी!”

गोजी शेजारच्या सायकलवाल्याची पोरगी. वय पाच, नाक सतत वाहतं, पण गोष्ट तोंडपाठ.

“ढगाची चिक्की पाहिजे?” असं म्हणून उस्तादांनी माझा डबा तिच्या हातात ठेवला.

तिनं हवालदार बघितला. खुदकन हसली. मी कॉलर ताठ केली.

मग ती उघडायला लागली. कड ओढली, कोपरा ओढला. मी चारी बाजूंनी खळ लावून असा बंद केला होता की जोड कुठं दिसू नये. चित्र सलग पाहिजे ना!

गोजीनं दात लावला. टर्रर्र... हवालदार पोटातच फाटला.

“अगं ए भवाने!” मी ओरडलो. “आठवडा गेलाय माझा त्याच्यात!”

“श्श...” उस्ताद.

गोजीनं आत हात घातला. दोन बोटांनी कायतरी उचललं, तोंडात टाकलं, कडाकडा चावलं. डोळे मिटले. टाचा वर केल्या...

“उडालीस?” उस्तादांनी विचारलं.

“थोडीशी. चाचा, तुमीपण घ्या.”

उस्तादांनी घेतली. उरलेले दात सांभाळत सावकाश चघळली. मी पण हात पुढं केला, तर पोरीनं डबा मागं ओढला.

“तुला नाही. तू ओरडलास.”

उस्ताद एवढे हसले की ठसका लागला.

गोजी डबा बंद करायला लागली. पुठ्ठा दाबला, उघडला. परत दाबला, परत उघडला. हवालदाराचं पोट लोंबायला लागलं. शेवटी तिनं फाटक्या तोंडावर दोन्ही तळवे गच्च दाबून धरले. आता रडते का मग रडते...

“काय झालं आता?” मी म्हटलं.

“आमच्या बारक्याला ठेवायचीय.”

“अगं, पण आत काय पण...”

“इंद्या,” उस्तादांनी मधेच तोडलं. “विचार तिला, किती उरलीय.”

मी उस्तादांकडं बघितलं. चेष्टा नव्हती. चेष्टा मला लांबून ओळखू येते.

“किती उरलीय गं?”

तिनं एक तळवा जरासा उचलून आत डोकावलं.

“अर्धी.”

“उस्ताद... मग आता?”

“आधी झाकण कर,” उस्ताद म्हणाले. “उडून चाललीय.”