झिपरीचं जांभूळ

ओढ्याकाठी जांभळीचं झाड होतं. झाडावर झिपरी खार राहायची. झाडाला उरलं होतं एकच जांभूळ. टपोरं, काळंभोर. झिपरीनं ते तोडलं, अन् हातातून सटकलं!
टप! गडगड गडगड...
गेलं खेकड्याच्या बिळात.

झिपरी गेली बिळाशी. तुरुतुरु तुरुतुरु.
"खेकडेदादा, खेकडेदादा, माझं जांभूळ द्या ना!"
खेकडा आतूनच म्हणाला, "दारात बगळा टपलाय. आधी तो जाऊ दे. मग मी निघेन."

झिपरी गेली बगळ्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.
"बगळेदादा, बगळेदादा,
खेकडा निघेना,
माझं जांभूळ मिळेना.
जरा हला ना!"
बगळा म्हणाला, "म्हैस चालली की गवतातले किडे उडतात. ते मी खातो. आधी ती उठू दे. मग मी हलेन."

झिपरी गेली म्हशीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.
"म्हैसमावशी, म्हैसमावशी,
बगळा हलेना,
खेकडा निघेना,
माझं जांभूळ मिळेना.
जरा उठा ना!"
म्हैस म्हणाली, "कानात गोचीड चावतेय गं. आधी कावळ्याला ती काढू दे. मग मी उठेन."

झिपरी गेली कावळ्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.
"कावळेदादा, कावळेदादा,
म्हैस उठेना,
बगळा हलेना,
खेकडा निघेना,
माझं जांभूळ मिळेना.
जरा या ना!"
कावळा म्हणाला, "मावशीची शेपटी बघितलीस? पाठीवर टेकलं की सटासट बसते! आधी ती थांबू दे. मग मी येईन."

झिपरी परत म्हशीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.
"म्हैसमावशी, म्हैसमावशी,
शेपटी थांबेना,
कावळा येईना,
म्हैस उठेना,
बगळा हलेना,
खेकडा निघेना,
माझं जांभूळ मिळेना!"
म्हैस म्हणाली, "शेपटी थांबवली अन् त्यानं कान फोडला तर? आधी तो!"
कावळा ओरडला, "आधी ती!"
"आधी तो!"
"आधी ती!"

ऊन चढलं. बिळात मुंग्या शिरल्या.
"अहो, माझ्या जांभळाला मुंग्या लागल्या!"
कुणीच हललं नाही.

मग झिपरीच चढली शेपटीवर. तिला फार भीती वाटत होती. तरी तिनं घट्ट मिठी मारली.
"अगं बाई, एवढंसं पिल्लू!" म्हैस म्हणाली. "आता शेपटी कशी हलवू?"

शेपटी थांबली.
कावळा आला. गोचीड गट्टम!
म्हैस उठली.
बगळा हलला.
खेकडा निघाला. नांगीत जांभूळ.

पण केवढं? एक बी, अन् नखाएवढा गर.

"चुकलंच माझं," खेकडा म्हणाला. "निदान दारापर्यंत तरी ढकलायचं होतं."
"कान किती हलका झाला!" म्हैस म्हणाली. "उगाच अडून बसले गं."
कावळ्यानं मान खाली घातली.

झिपरीनं गर खाल्ला. गोड होता. खूप गोड. लगेच संपला.
मग ती कितीतरी वेळ नुसती बी चाटत बसली.

एवढंसं जांभूळ, एवढीशी गोष्ट.