खरं लिहा म्हणणारे सर

एका डोंगराळ तालुक्याच्या गावी एक कॉलेज होतं, आणि त्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना लेखन शिकवणारे गव्हाणे नावाचे सर होते. ते तासिका तत्त्वावर होते, म्हणजे जेवढे तास घेतील तेवढीच नोकरी. दर उन्हाळ्यात ती संपायची आणि दर जूनला पुन्हा कोणाच्या तरी दारात उभं राहावं लागायचं. अशी बरीच वर्षं गेली होती. पण माणूस शिकवण्यात जीव ओतणारा.

त्यांची पद्धत वेगळी होती. निबंधाचे ठरलेले विषय ते देत नसत. दर आठवड्याला वर्गात एक छोटी कथा वाचून दाखवायचे आणि मुलांना तिच्यावर पानभर लिहून आणायला सांगायचे.

"सारांश नको," ते म्हणायचे. "कथा ऐकताना तुम्हाला काय आठवलं, कुठे टोचलं, ते लिहा. भाषा चुकली तरी चालेल. खोटं मात्र नको."

मुलं माना डोलवायची आणि गाइडमधली वाक्यं उतरवून आणायची. सर चिडत नसत. कधीतरी कोणीतरी खरं लिहील, या आशेवर ते पुढची कथा शोधायला लागायचे.

त्या वर्गात जमुना वसावे नावाची मुलगी होती. दूरच्या पाड्यावरून आलेली, कॉलेजच्याच वसतिगृहात राहणारी. घरची बोली वेगळी, त्यामुळे मराठी लिहिताना अडखळायची. मागच्या बाकावर बसून ऐकायची, विचारायची काही नाही.

एकदा सरांनी एक कथा वाचली. एका मोठ्या घरात लग्न निघालेलं असतं. तिथे कामाला असलेली पोरगी तापाने फणफणून कोठीच्या खोलीत पडलेली असते. घरातलं जो तो येतो आणि ताटं घासून झाली का एवढंच तिला विचारतो. कपाळाला हात कोणी लावत नाही. कथा तिथेच संपते.

त्यावर जमुनाने जे लिहून आणलं ते सरांनी दुपारी स्टाफरूममध्ये वाचलं, आणि पुढ्यातला चहा निवून गेला. तिने लिहिलं होतं:

"या कथेतली मुलगी मला माहीत आहे. तिचं नाव शेवंता. ती माझ्या खोलीत राहत होती. तिला ताप आला तेव्हा संस्थापकांच्या वाढदिवसाचा कार्यक्रम होता. आम्ही मुली नाच बसवत होतो. वसतिगृहाच्या मॅडम म्हणाल्या, कार्यक्रम झाला की दवाखान्यात नेऊ. कार्यक्रम चांगला झाला. शेवंताला नेलं तेव्हा ती कोणाला ओळखत नव्हती. ती मेली. तिच्या बापाला सांगितलं की ती घरूनच आजारी आली होती. मी तिथे उभी होते, पण बोलले नाही. त्या घरातल्या लोकांसारखी मीपण नाचत होते."

सरांना गलबलून आलं. आणि खरं सांगायचं तर त्यांना आनंदही झाला. इतक्या वर्षांत त्यांच्या शिकवण्याला असं फळ आलं नव्हतं. हे सगळ्या वर्गाला ऐकवायचं असं त्यांच्या मनाने घेतलं. त्या शेवंताबद्दल कोणाला तरी जाब विचारायला हवा, हेही मनात आलं. पण ते मागे राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जमुनाला वाचायला उभं केलं. ती हळूच म्हणाली, "सर, नको. तुम्ही वाचलं तेवढं पुरे."

"अगं, घाबरतेस कशाला? मी आहे ना," सर म्हणाले.

तिने मान खाली घालून वाचलं. एक मुलगी ओढणीत तोंड लपवून रडायला लागली. सर वर्गाला म्हणाले, "बघा, याला लेखन म्हणतात."

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट प्राचार्यांच्या कानावर गेली, आणि सकाळी सरांना बोलावणं आलं.

प्राचार्य कधी आवाज चढवत नसत. "गव्हाणे सर, बसा," ते म्हणाले. "तुमच्या कायम नेमणुकीचा विषय संस्थेच्या येत्या बैठकीत आहे. होऊन जाईल, असं मी सगळ्यांशी बोलून ठेवलंय. आणि नेमकं आत्ताच तुम्ही मुलींना हे काय लिहायला लावता?"

जूनमधली ती दारं सरांच्या डोळ्यांपुढून गेली.

"मी फक्त कथा दिली होती, सर," ते म्हणाले. "बाकी तिचं तिने लिहिलं. मुलीची कल्पनाशक्ती जरा दांडगी आहे."

"मग तसं ती लिहून देईल. तुमच्यासमोरच देऊ दे."

जमुनाला बोलावून घेतलं. तिच्यापुढे कोरा कागद सरकवत प्राचार्य म्हणाले, "लिही, मी वर्गात वाचलेलं सगळं काल्पनिक होतं. खाली सही कर. विषय संपला."

जमुनाने पेनला हात लावला नाही. ती सरांकडे वळली. "सर, खरं लिहा, असं तुम्हीच म्हणाला होता ना?"

सर टेबलावरच्या काचेकडे बघत होते. "खरं म्हणजे... कथेबद्दल खरं, जमुना," ते म्हणाले.

कोरा कागद प्राचार्यांकडे परत सरकवून ती म्हणाली, "शेवंता काल्पनिक नव्हती." एवढं बोलून ती बाहेर गेली.

शिस्तभंगाचं कारण लावून वसतिगृहातून तिचं नाव कमी केलं. गावात दुसरीकडे राहायची सोय नव्हती, त्यामुळे कॉलेजही सुटलं. पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन ती फाटकातून निघाली, तेव्हा सर वरच्या मजल्यावर तास घेत होते. खिडकीतून ती त्यांना दिसली. त्यांनी फळ्याकडे तोंड फिरवलं आणि तारीख लिहायला घेतली.

पुढे सरांची नेमणूक झाली. बायकोने देवापुढे पेढे ठेवले, शेजारीपाजारी वाटले. सरांनीही एक तोंडात टाकला. तो तोंडातच घोळत राहिला, खाली उतरेना.

तास चालूच होते. कथाही वाचल्या जात होत्या. पण वाचून झाल्यावर मुलांना काय सांगायचं, हे त्यांना सुचत नसे. मुलं शांतपणे त्यांच्याकडे बघत बसायची, आणि ते हजेरी घ्यायला लागायचे.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांना राहवेना. जमुनाला बाहेरून परीक्षेला बसवावं, असं ठरवून ते निघाले. फाट्यावर एसटीतून उतरले आणि चढ चढून पाड्यावर पोचले. जमुनाची आई अंगणात मक्याचे दाणे काढत बसली होती. शेजारी तिची धाकटी लेक तेच काम करत होती. जमुना बापाबरोबर बांधकामावर परगावी गेली होती. कधी येईल ते आईला ठाऊक नव्हतं.

तिने सरांना पाणी दिलं आणि विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी जमुनाचा सर. लिहायला शिकवायचो."

बाईचा चेहरा जरा उजळला. "तुम्हीच का ते? तुमचं फार सांगायची. आमचे सर गोष्टी वाचतात, म्हणायची." मग तिने विचारलं, "तिला काढलं तेव्हा तुम्ही होता तिथे?"

"होतो," सर म्हणाले.

बाई पुन्हा मक्याला लागली. काहीतरी बोलायचं म्हणून सरांनी धाकटीकडे बघून विचारलं, "ही शाळेत जाते ना?"

"जात होती. आता काढली," बाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मोठी लिहायला शिकली. खरं लिहिलं, तर हाकलली. हिला मक्याचं काम येतं. तेवढं पुरे."

सरांना म्हणायचं होतं की असं करू नका, पोरीला शाळेत घाला. पण ते कोणत्या तोंडाने म्हणायचं, ते कळेना. त्यांनी पेला खाली ठेवला, हात जोडले आणि ते उतरणीला लागले. प्राचार्यांच्या खोलीत त्या दिवशी काय बोलायला हवं होतं, त्याची वाक्यं त्यांना फाट्यापर्यंत सुचत गेली. सगळी चांगली होती. ऐकायला मात्र कोणी नव्हतं.

तात्पर्य: खरं बोललेल्याच्या शेजारी उभं राहायची तयारी नसेल, तर कोणाला खरं बोलायला लावू नये. अशा वेळी तो एकटाच गप्प होत नाही, त्याच्या मागून येणारेही गप्प होतात.