झुपकीची टोपी म्हशीच्या शिंगावर

एवढीशी एक खार. तिचं नाव झुपकी.

झुपकी राहायची शहरातल्या बागेत. आज ती पहिल्यांदाच गावाला निघाली होती. गावाला तिची मावशी राहायची, माळापलीकडच्या आंब्यावर. आज मावशीच्या पिल्लाचं बारसं होतं.

आई म्हणाली, "झुपके, गावाला ऊन फार. टोपी घातल्याशिवाय माळावर पाऊल टाकू नकोस."

आईने पळसाच्या पानाची टोपी केली. झुपकीने डोक्यावर घातली आणि एसटीच्या टपावर चढून बसली.

एसटी निघाली. खडखड खडखड. झाडं पळाली. डोंगर पळाले. झुपकीची शेपटी उडाली भुरुभुरु. तिला एका जागी बसवेच ना.

गाव आलं. झुपकीने टुणकन उडी मारली. तेवढ्यात वारा आला. भुर्रर्र. टोपी उडाली. उडाली, उडाली, आणि जाऊन बसली म्हशीच्या शिंगावर.

म्हैस कुठे? चिखलात. मधोमध. पोटापर्यंत.

झुपकी काठावर गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"म्हैसबाई, म्हैसबाई, उठा ना. माझी टोपी द्या ना. टोपीवाचून मी बारशाला कशी जाऊ?"

म्हैस म्हणाली, "मी नाही उठायची. पाठीवर गोचिडी चावतात. चिखलात गार वाटतं. बगळा येईल, गोचिडी वेचील, मग मी उठेन."

निघाली झुपकी. तुरुतुरु तुरुतुरु. बगळा बांधावर उभा. एका पायावर.

"बगळेदादा, बगळेदादा, चला ना.
म्हैस उठत नाही.
टोपी मिळत नाही.
टोपीवाचून मी बारशाला कशी जाऊ?"

बगळा म्हणाला, "मी नाही यायचा. मला लागलीय तहान. पाट वाहील, मी पाणी पिईन, मग मी येईन."

निघाली झुपकी. तुरुतुरु तुरुतुरु. पाट होता शेताच्या कडेला. आत पाण्याचा थेंब नाही. नुसती वाळकी पानं.

"पाटबाबा, पाटबाबा, वाहा ना.
बगळा येत नाही.
म्हैस उठत नाही.
टोपी मिळत नाही.
टोपीवाचून मी बारशाला कशी जाऊ?"

पाट म्हणाला, "मी नाही वाहायचा. माझ्या तोंडाला फळी लावलीय. शेवंताकाकू येतील, फळी काढतील, मग मी वाहीन."

निघाली झुपकी. तुरुतुरु तुरुतुरु. शेवंताकाकूंचं घर आलं. निळं दार, दारात जास्वंद. काकू पायरीवर उभ्या. हातात पाण्याचा तांब्या. डोळे रस्त्याकडे.

"काकू, काकू, चला ना.
पाट वाहत नाही.
बगळा येत नाही.
म्हैस उठत नाही.
टोपी मिळत नाही.
टोपीवाचून मी बारशाला कशी जाऊ?"

काकू म्हणाल्या, "अगो बायो, मी दार सोडून कशी येऊ? शहरातून पाहुणे यायचेत. सकाळपासून वाट बघतेय. तवा तापलाय, भाकऱ्या व्हायच्यात. पाहुणे येतील, हातपाय धुतील, मग मी फळी काढीन."

निघाली झुपकी. तुरुतुरु तुरुतुरु. ऊन चढलं. पाय पोळले. झुपकी सावलीसावलीतून पळाली. या झाडाखालून त्या झाडाखाली.

पुढे तीन रस्ते फुटले होते. तिथे एक गाडी उभी. गाडीत बाबा, आई आणि छोटी निमू. बाबा फोन वर धरत होते. खाली धरत होते. फोन खिडकीबाहेर धरत होते.

झुपकी उडी मारून गाडीच्या नाकावर बसली.

"आई, खार आली," निमू म्हणाली.

"पाहुणे, पाहुणे, चला ना.
काकू फळी काढत नाहीत.
पाट वाहत नाही.
बगळा येत नाही.
म्हैस उठत नाही.
टोपी मिळत नाही.
टोपीवाचून मी बारशाला कशी जाऊ?"

बाबा म्हणाले, "आम्ही कसे येणार? फोनला रेंज नाही. नकाशा दिसत नाही. विचारावं तर माणूस नाही. कुणी वाट दाखवील, मग आम्ही येऊ."

झुपकी थांबली. आता कुणाकडे जायचं? झुपकीने इकडे बघितलं. तिकडे बघितलं. कुणीच नाही.

मग तिची शेपटी ताठ झाली.

"मी दाखवते," झुपकी म्हणाली. "निळं दार, दारात जास्वंद. मी आत्ताच तिथून आले. माझ्या मागून या. पण हळू हं. रस्त्यात कोंबड्या आहेत."

पुढे झुपकी, मागे गाडी. तुरुतुरु, घुर्रघुर्र. तुरुतुरु, घुर्रघुर्र. कोंबड्या आल्या. गाडी थांबली. कोंबड्या गेल्या. गाडी निघाली. निमू टाळ्या वाजवत होती.

आलं निळं दार.

"आलात गो बाय," काकू म्हणाल्या आणि तांब्या पुढे केला.

मग काय झालं?

पाहुण्यांनी हातपाय धुतले.
काकूंनी फळी काढली. सर्रकन.
पाट वाहिला. खळखळ खळखळ.
बगळा पाणी प्यायला. गट गट गट.
बगळा उडाला. फड फड फड.
म्हशीच्या पाठीवर बसला. गोचिडी वेचल्या. टक टक टक.
म्हैस उठली. चप्पक चप्पक, चप्पक चप्पक, काठावर आली.
म्हशीने मान खाली घातली.
झुपकी शिंगावर चढली.
आणि टोपी? टोपी झुपकीच्या डोक्यावर.

टोपीला थोडा चिखल लागला होता. असू दे.

झुपकी पाटावर गेली. पोटभर पाणी प्यायली. मग माळावर पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु. वर ऊन, खाली झुपकी, मध्ये टोपी.

आंब्याखाली सगळ्या खारी जमल्या होत्या. पाळणा सजला होता.

"आली, आली," मावशी म्हणाली. "अगं, तुझ्यासाठीच थांबलो होतो. पिल्लाच्या कानात नाव तूच सांगायचंस."

झुपकी पाळण्याजवळ गेली. आतलं पिल्लू गुलाबी, इवलंसं, डोळे मिटलेलं. झुपकी वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "कुर्रर्र..."

काय नाव सांगितलं तिने?

ये, कान इकडे कर. तुलाही सांगते. कुर्रर्र...