इनास सुताराचं गाढव

लाकडालाही तोंड होतं, त्या काळातली ही गोष्ट. वसईकडच्या इनास सुताराने नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी फणसाच्या लाकडाचं एक गाढव घडवलं. गाढव भारीच आखडू निघालं. "मला कोणी घडवलंबिडवलं नाही. मी लाकडात होतोच, आपला आपण बाहेर आलो," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

एकदा खिडकीत उभं राहून हीच फुशारकी मारताना त्याचा तोल गेला आणि ते खालच्या शेणाच्या खड्ड्यात पडलं.

"आता निघ की आपला आपण," काठावरून पिवळी कोंबडी म्हणाली.

गाढवाचे पाय रुतले होते, शेण कानापर्यंत आलं होतं. "इनासला हाक मारतेस का गं?" ते हळूच म्हणालं.

"तो कशाला येतोय? नवं धोतर नेसून चर्चमध्ये मिस्साला निघालाय. दुसरं गाढव करेल, तुझ्यापेक्षा शहाणं."

तेवढ्यात इनासला खिडकी रिकामी दिसली. तो मागे वळला, नव्या धोतरासकट गुडघाभर शेणात उतरला आणि गाढवाला वर काढून सदऱ्याच्या बाहीने पुसू लागला.

"काय रे, तुला कोणी घडवलं ते कळलं का आता?" कोंबडीने विचारलं.

"कळलं गं बाई," गाढव इनासच्या काखेतून म्हणालं. "ज्याने घडवलं त्याच्याशिवाय या घाणीत माझ्यासाठी दुसरं कोण उतरणार?"