मॅनेजरचा अंदाज

निवृत्त एसटी कंडक्टर भिकाजी तोरसकर बायकोच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पाच वर्षांचं कर्ज मागायला बँकेत गेले. मॅनेजर सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "या वयात कर्ज? मधेच तुमचं काही बरंवाईट झालं तर?"

मग संगणकावर तोरसकरांची ठेव दिसली, तसा मॅनेजरांचा आवाज मऊ झाला. "काका, ही आमच्या दहा वर्षांच्या योजनेत घाला. शेवटी दामदुप्पट!"

"साहेब, तुमचे पैसे माझ्याकडे असले की मी पाच वर्षं जगत नाही, आणि माझे तुमच्याकडे असले की दहा वर्षं मरत नाही?"

रांग हसली. मॅनेजरांनी कर्जाचा अर्ज परत सरकवला. तोरसकरांनी, जिच्या व्याजावर घर चाले ती ठेवच मोडली.

बाहेर पायरीवर बसलेल्या बायकोनं विचारलं, "दिलं का कर्ज?"

"नाही. ठेव मोडली. आता मॅनेजर म्हणतो तसं पाच वर्षांच्या आत आपलं आटपलेलं बरं."